पुरातली सायकल

प्रश्न : आजोबांची ॲटलस सायकल जुलै २०२१च्या पुरात गाळाखाली गेली होती. तेव्हापासून पडवीत पडून आहे. मुलगी म्हणते, दुरुस्त करू. की भंगारात द्यावी?
– एक वाचक, महाड

उत्तर : भंगारात देऊ नका. जुन्या सायकलचा सांगाडा जाड नळीचा असतो, वरचा गंज बघून घाबरू नका. खरी भीती आतल्या गंजाची. सीटची दांडी काढा, सांगाडा उलटा धरून हलवा. सावित्री नदीचा तो बारीक, पिवळट गाळ वाळून भुकटी होऊन पडेल. मग नळीवर हातोडीने हलकेच ठोका. टणटणीत आवाज आला तर जीव आहे, बद्द आला तर वेल्डरला दाखवा.

पायडलची कॉटर पिन जाम असेल. दोन दिवस घासलेट सोडत राहा. नट पिनच्या टोकाशी आणा, क्रँकखाली भक्कम टेकू द्या आणि एकच नेमका घाव घाला. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, तिथे जोर करू नका. छर्रे सगळे नवेच घाला. मागच्या हबमध्ये साधारणपणे पाव इंची, दर बाजूला नऊ. भरपूर ग्रीस भरा.

ही कामं मुलीच्याच हातून करून घ्या. सुरुवातीला चवदार तळ्यापर्यंत फेरी पुरे. हात बसला की पाचाडचा रस्ता धरा. पोलादपूरकडे येणारा आंबेनळी घाट मात्र या सायकलवर उतरू नये. दांडीचे ब्रेक पावसात जवळजवळ धरतच नाहीत.