चिखलात गेलेली गोळी कोण मोजणार?

पुणे-सातारा रस्त्यावरील कामथडी हे भोर तालुक्यातील गाव. येथून पश्चिमेला भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांच्या डोंगरांकडे जावे तसा पाऊस वाढतो आणि भाताची खाचरे दिसू लागतात. व्यापाराच्या पानावर भातशेती कशाला, असे वाचक विचारतील. पण मेहनत आणि इमानदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे भाताच्या लावणीत जितके स्पष्ट दिसते तितके दुकानात दिसत नाही.

डॉ. नारायण सावंत यांनी भातासाठी चारसूत्री पद्धत सांगितली. भाताचे तूस व पेंढा यांचा फेरवापर, गिरीपुष्पाचा पाला, दोरीवर नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपी खताच्या गोळ्या अशी ही चार सूत्रे. पहिल्या दोहोंबद्दल येथे बोलायचे नाही. लावणी १५ आणि २५ सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतरावर करायची, एका चुडात दोन-तीनच रोपे. जवळजवळच्या चार चुडांचा एक चौकोन होतो. त्याच्या मधोमध एक गोळी हाताने ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचायची. गोळीचे वजन २.७ ग्रॅम.

आता हिशेब करा. एका चौकोनाच्या वाट्याला ४० बाय ४० सेंटिमीटर जागा येते. म्हणजे हेक्टरी ६२,५०० गोळ्या, सुमारे १७० किलो. एकरी पंचवीस हजारांवर! तितक्या वेळा वाकून हात चिखलात घालायचा, तोही डोक्यावर पाऊस असताना.

खोल कशासाठी? फेकलेल्या युरियाचा बराचसा नत्र हवेत उडतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. चिखलात खोल गेलेली गोळी हळूहळू विरघळते व नत्र मुळांजवळच राहतो. गोळी वरच राहिली तर सारा खटाटोप फुकट.

पण गोळी कुठे गेली हे मालकाला बांधावरून दिसत नाही. एका ठिकाणी चार गोळ्या दाबल्या, काही नुसत्याच पाण्यात टाकल्या, तरी पिशवी रिकामी होते आणि संध्याकाळी मजुरी मिळते. अशा माणसाने मेहनत केलेली नसते असे नाही. दिवसभर तोही वाकलेलाच असतो! काही दिवसांनी खाचरात कुठे गडद हिरवे, कुठे पिवळट ठिगळ उमटते, पण तोपर्यंत टोळी दुसऱ्या गावी गेलेली असते.

मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपल्याकडे वारंवार सांगितली जाते आणि ती योग्यच आहे. मात्र न दिसणारे काम हीसुद्धा मालकाची अमानत आहे, ही बाजू कमी सांगितली जाते. महामार्गालगत गॅरेजमध्ये काम शिकणाऱ्या मुलांनाही हे लागू आहे. चाकाचा नट पुरता आवळला की नाही, हे गाडीवाला बघत नाही. तो पैसे देतो आणि घाटाला लागतो.

मालकांनाही एक सांगायला हवे. साध्या लावणीच्या दराने काम उक्ते द्यायचे आणि पंचवीस हजार गोळ्या नीट खोचल्या जाव्यात अशी अपेक्षा ठेवायची, हा न्याय नव्हे. उक्त्यात माणूस घाई करणारच. गोळ्यांच्या कामाचा रोज वेगळा ठरवावा, काम सुरू होण्यापूर्वी ठरवावा, आणि पहिली दहा गुंठे स्वतः चिखलात उतरून बरोबरीने करावीत. दहा गुंठ्यांना सुमारे ६,३०० गोळ्या, म्हणजे १७ किलो लागतात. तेवढ्याच मोजून द्याव्यात. चौकोन संपण्यापूर्वी पिशवी संपली, तर कुठे काय झाले ते त्याच दिवशी, चिखल ओला असतानाच विचारता येते.