पगारपत्रकातील ईएसआयसी : घरच्यांच्या औषधपाण्याचा हक्क

यंदा पदवी घेऊन कंपनीत रुजू झालेल्या मुलामुलींनो, पहिल्या पगाराचा आकडा पाहताना पगारपत्रकही नीट वाचा. त्यातील ‘ईएसआयसी’ची कपात वाया जात नाही.

महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांसाठी ही योजना आहे. कर्मचारी ०.७५ टक्के भरतो, मालक ३.२५ टक्के. म्हणजे १८,००० वेतनावर तुमचे १३५ रुपये, कंपनीचे ५८५. त्यातून तुमच्यासह जोडीदार, मुले आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांवरही उपचार होतात. आईची शुगर, बाबांचा बीपी यांसाठी व्याजाने पैसे काढण्याआधी हे आठवा.

रुजू होताच तीन कामे करा :

१. एचआरकडून विमा क्रमांक आणि ई-पहचान कार्ड घ्या.
२. घरच्यांची नावे आधारसह नोंदवा. नोंद नसेल तर ऐन आजारपणात धावपळ होते.
३. घराजवळचा ईएसआय दवाखाना निवडा.

नोकरी जाईल या भीतीने दुखणे अंगावर काढू नका. सहामाहीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल, तर पुढे डॉक्टरांच्या दाखल्यावर वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते.

वेतन जास्त असेल तर कंपनीच्या आरोग्य विम्यात आई-वडील आहेत का, हे विचारा.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४४ साली, कामगार आरोग्य विम्याचा अदारकर अहवाल आला आणि पुढे १९४८ चा कायदा झाला. हक्क मागताना संकोच नको.

जयभीम!