चेंडू, केळीचा घड आणि ३६ चित्रं



मेकॅनिकलची शेवटची ओरल देऊन जळगावहून धुळ्याला घरी आलो आणि सांगून टाकलं, मला अॅनिमेशनमध्ये एम.डेस. करायचंय. वडिलांनी पेपर खाली न ठेवताच विचारलं, "म्हणजे चार वर्षं शिकून आता कार्टून काढणार?" उत्तर माझ्याकडेही नव्हतं. तुमच्यापैकी कुणी लेक्चरला मागच्या बाकावर बसून वहीच्या कोपऱ्यात माणसं पळवत असेल, तर त्याच्यासाठी हा लेख.

आयआयटी मुंबईतलं आयडीसी १९६९ मध्ये सुरू झालं. तिथे अॅनिमेशनचं दोन वर्षांचं एम.डेस. करता येतं. त्यासाठी सीड परीक्षा असते आणि ती इंजिनिअरलाही देता येते. फक्त तिथे चित्र काढावं लागतं. मी सहा महिने जळगावच्या एस.टी. स्टँडवर बसून गाडीची वाट बघणारी माणसं काढली. (चौकशी खिडकीतले काका शेवटी मलाच गाड्यांच्या वेळा विचारायला लागले.)

त्याच दिवसांत धुळे पॅसेंजरला वेळ होता म्हणून चाळीसगावला केकी मूस यांचं घर पाहिलं. मूस (१९१२–१९८९) टेबलटॉप फोटोग्राफीसाठी प्रसिद्ध. घरातल्या साध्या वस्तू टेबलावर मांडायच्या, त्यावर नेमका उजेड सोडायचा आणि बघणाऱ्याला वाटावं की हा खराच देखावा आहे. पुढे स्टॉप मोशन शिकताना हेच टेबल पुन्हा भेटलं. फरक इतकाच, की दर फोटोनंतर वस्तू जराशी सरकवायची. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ मध्ये आगकाड्या अशाच हलवल्या होत्या.

आता पहिला धडा, पडणारा चेंडू. सेकंदाला २४ फ्रेम असतात. एक चित्र दोन फ्रेम धरलं तर सेकंदाला १२ चित्रं. अर्ध्या सेकंदात चेंडू साधारण सव्वा मीटर पडतो, म्हणजे सहा चित्रं. आपलं गणित सांगतं, की अंतरं १, ३, ५, ७, ९, ११ या प्रमाणात वाढतात. म्हणून वरची चित्रं जवळजवळ, खालची लांबलांब. मी कॅलक्युलेटर घेऊन बिनचूक काढलं. सरांनी बघितलं आणि विचारलं, "चेंडू कशाचा आहे?"

मी गप्प. पडताना रबर काय नि लोखंड काय, सारखंच. पण आपटल्यावर रबर चपटं होतं, उसळतं. लोखंड जागेवर बसतं. वजन दिसतं ते तिथे, आणि ते मी काढलंच नव्हतं.

पुढचं काम होतं, जड वस्तू उचलणारा माणूस. दिवाळीत चोपड्याला मामांच्या केळीच्या बागेत गेलो. एकजण विळ्याने घड कापतो, दुसरा खाली खांद्यावर कापडाची घडी ठेवून उभा. वीस-पंचवीस किलो एकदम अंगावर येणार. मी चार दिवस तेवढंच बघितलं. घड सुटायच्या आधीच त्याचे पाय फाकतात, मान बाजूला जाते. भार आला की गुडघे दबतात, मोकळा हात बाहेर फेकला जातो. पहिलं पाऊल अगदी छोटं पडतं. "काय काढी ऱ्हायना रे भाऊ?" त्याने विचारलं. वही दाखवली तर पोटभर हसला.

त्या कापायच्या आधीच्या तयारीला अॅनिमेशनमध्ये अँटिसिपेशन म्हणतात. पुस्तकात मी ते तीनदा वाचलं होतं.

तीन सेकंदांचा शॉट झाला, ३६ चित्रं. सुट्टीत घरच्या कॉम्प्युटरवर वडिलांना दाखवला. तरुणपणी त्यांनीही घड वाहिलेत, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी तो चार वेळा लावायला सांगितला. मग म्हणाले, "घड उजव्या खांद्यावर आहे ना? मग उजवा पाय आधी कसा उचलला याने? पडेल तो."

खुर्चीतून उठून त्यांनी खांद्यावर उशी घेतली आणि चालून दाखवलं. मी वही काढली. त्यातली अकरा चित्रं पुन्हा काढायला घेतली आहेत.