शरीराचा समतोल आणि उन्हाळ्यातील दक्षता

वैशाखात चंद्रपूर, अकोल्याकडे पारा ४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो. अशा उन्हात खडी फोडणाऱ्या मजुराच्या शरीरातील तापमान मात्र ३७-३८ अंशांच्या आसपासच राहते. अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९२६ मध्ये या समतोलाला ‘होमिओस्टॅसिस’, म्हणजेच समस्थिती, असे नाव दिले.

उष्णता वाढताच मेंदूतील अधोथॅलॅमस या केंद्राच्या आज्ञेने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि घाम सुटतो. एक लिटर घामाचे बाष्पीभवन झाल्यास सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. विदर्भाच्या कोरड्या हवेत घाम तत्काळ सुकतो. त्यामुळे किती पाणी गेले हे ध्यानात येत नाही. कोकणच्या दमट हवेत तो नुसताच ओघळतो व पुरेसा गारवा देत नाही.

घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते. ही तूट भासताच मूत्रपिंडे पाणी राखून धरतात, लघवी कमी व गडद होते आणि तहान लागते. रक्ताची आम्लताही अशीच सांभाळली जाते. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या मर्यादेत राहावा लागतो. श्रमाने निर्माण होणारे आम्ल रक्तातील बायकार्बोनेट निष्प्रभ करते, कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासावाटे बाहेर पडतो आणि उरलेले आम्ल मूत्रपिंडे काढून टाकतात.

या तिन्ही व्यवस्थांचा आधार पाणी हाच आहे. ते घटले की त्वचेकडे पुरेसे रक्त जात नाही, घाम कमी होतो, अंग तापते. मूत्रपिंडांचे काम मंदावून आम्लही साचू लागते. शरीराचे तापमान ४० अंशांवर जाऊन माणूस बरळू लागल्यास तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा व विनाविलंब रुग्णालयात पोहोचवावे. शुद्ध हरपली असल्यास तोंडात पाणी घालू नये.

तथापि, अशी वेळ येऊ न देणे बहुतांशी आपल्याच हाती आहे. कामाच्या जागी सावली व पाण्याचे माठ, भर दुपारी विश्रांती, मीठ-साखर घातलेले लिंबूसरबत या गोष्टी कोणत्याही ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील आहेत. शाळेत शिक्षकांनी मुलांना ठराविक वेळाने पाणी पिण्यास सांगावे. तहान लागते तेव्हा शरीरातील पाणी घटू लागलेले असते. म्हणून तहानेची वाट न पाहता पाणी पिण्याची सवय गावोगाव रुजणे अगत्याचे आहे.