आधी कान तपासा

मूल दीड वर्षाचं झालं तरी एकही शब्द बोलत नसेल, किंवा पाठीमागून हाक मारल्यावर वळून बघत नसेल, तर सगळ्यात आधी त्याच्या कानांची तपासणी करून घ्या. वेखंड, नवस, जिभेचं ऑपरेशन, शेजारणीचा सल्ला, हे सगळं त्यानंतर. आमच्याकडे नेमका हा क्रम उलटा लागला. माझ्या मुलीला कमी ऐकू येतं हे कागदावर यायला ती अडीच वर्षांची व्हावी लागली. आम्ही निफाड तालुक्यातले, द्राक्षबागवाले. नाशिक काही लांब नाही, घरात गाडी आहे, मी स्वतः पदवीधर आहे. आमच्यासारख्यांना इतका उशीर होतो, तर पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरच्या आईचं काय होत असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

मुलगी आठव्या महिन्यात झाली. वजन कमी, त्यात कावीळ वाढली, म्हणून तिला पेटीत ठेवावं लागलं. घरी सोडताना लसीच्या तारखा, वजनाचा तक्ता, औषधांची चिठ्ठी, सगळं हातात दिलं. कानांची तपासणी करा, असं मात्र कुणी म्हटलं नाही. पेटीत राहिलेलं बाळ, जास्त वाढलेली कावीळ, मेंदूज्वर, गरोदरपणात आईला आलेला रुबेला, नात्यातलं लग्न, घराण्यात आधी कुणी कर्णबधिर असणं, यांतलं एक जरी असलं तरी बाळाच्या कानांकडे खास लक्ष द्यायचं असतं. आमच्याकडे यातल्या तीन गोष्टी होत्या. माझ्या सासूबाई म्हणजे माझी सख्खी आत्या. तिच्या मुलालाच मी दिलेली, आमच्याकडे ही रीतच आहे. मुलीच्या बाबतीत नेमकं कारण कोणतं, हे कुणी ठामपणे सांगितलेलं नाही आणि मीही आता ते शोधत बसत नाही. पण यातलं काहीच नसलेल्या घरातही हे होऊ शकतं. दर हजार जन्मांमागे एक ते तीन बाळांना जन्मापासूनच कायमचा श्रवणदोष असतो. म्हणून जगभरचे तज्ज्ञ सांगतात की पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत पक्कं निदान आणि सहाव्या महिन्याच्या आत उपचार सुरू व्हावेत. आमच्या अडीच वर्षांशेजारी हे सहा महिने ठेवून बघा.

मला पहिली शंका आली तेव्हा ती दहा महिन्यांची होती. मी मागून आले की दचकायची, कारण माझी चाहूल तिला लागलेलीच नसायची. आत्याला सांगितलं. त्यांनी लगेच ताटावर उलथनं वाजवलं, मुलगी वळली, आणि विषय संपला. ‘ऐकू येतंय की गं!’ हे वाक्य नंतर मला घरातल्या प्रत्येकाने ऐकवलं.

ही ताट वाजवायची परीक्षा घराघरात होते, म्हणून ती का फसवते ते नीट सांगते. आपलं साधं बोलणं साधारण 60 डेसिबलचं असतं. जवळून वाजवलेलं ताट त्याच्या कितीतरी पुढे जातं. माझ्या मुलीला उजव्या कानाने 65 आणि डाव्या कानाने 70 डेसिबलच्या खालचं काही ऐकू येत नव्हतं. म्हणजे ताट ऐकू येणार, कुकरची शिट्टी ऐकू येणार, ट्रॅक्टर ऐकू येणार. पण दोन हात अंतरावरून आई जे बोलते ते नाही. कडेवर घेऊन कानाशी बोललं की थोडं पोचायचं, म्हणून ती हसायची आणि आम्हाला वाटायचं की सगळं ठीक आहे. शिवाय ताट वाजवणारा माणूस बाळाच्या नजरेच्या टप्प्यात असतो. त्याची सावली हलते, जमिनीला हादरा बसतो. ज्या मुलाला ऐकू येत नाही त्याचे डोळे फार तरबेज होतात, ते अशा खुणांवर वळतं. आणखी एक गोष्ट मला कुणी आधी सांगायला हवी होती. अजिबात ऐकू न येणारं बाळसुद्धा पहिले काही महिने हुंकार देतं, किंचाळतं, आवाज काढतं. त्यामुळे ‘आवाज तर काढते ना’ यावर विसंबू नका. सात-आठ महिन्यांनंतर ‘बाबाबा’, ‘ददद’ अशी साखळी सुरू होते की नाही, ते बघा. सुरू होऊन थांबली असेल तर आणखी घाई करा.

सव्वा वर्षाची झाल्यावर तिला तालुक्याच्या ठिकाणी एका खासगी डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी घसा बघितला, जीभ बघितली आणि म्हणाले, काही मुलं उशिरा बोलतात, तीन वर्षांपर्यंत वाट बघा. पुढच्या खेपेला म्हणाले, मोबाईलमुळे होतं हल्ली, मोबाईल बंद करा. मोबाईल आम्ही बंद केला, आणि ते चांगलंच झालं. दोन वर्षांखालच्या मुलाला पडद्यासमोर बसवूच नये, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. पण त्या सल्ल्यात आमचे आणखी कितीतरी महिने गेले. कारण मोबाईल हे असं उत्तर आहे की ते आईला लगेच पटतं. तिच्या मनात आधीच त्याबद्दल अपराधी भावना असते. मधल्या काळात वेखंड उगाळून झालं, देवाला बोलून झालं, जीभ चिकटलेली आहे का तेही बघून झालं. चिकटलेल्या जिभेमुळे एखादा उच्चार बिघडू शकतो, पण त्यामुळे मूल शब्दच शिकत नाही असं होत नाही. कानात तेल मात्र मी घालू दिलं नाही, आणि तुम्हीही घालू देऊ नका.

वाट बघा हा सल्ला चुकीचाच असतो असं माझं म्हणणं नाही. काही मुलं खरोखरच उशिरा बोलतात. पण हा सल्ला द्यायचा तर कान तपासून झाल्यावर द्यावा. डॉक्टर म्हणाले वाट बघा, तर त्यांना एवढंच विचारा: ‘तोपर्यंत कानाची तपासणी कुठे करून घेऊ?’ यात कुणाचा अपमान होत नाही.

आमची गाडी रुळावर आणली ती गावातल्या अंगणवाडीताईंनी. तिच्या धाकट्या बहिणीचा पोषण आहार घ्यायला तिला सोबत घेऊन गेले होते, तेव्हा त्या म्हणाल्या, ‘वहिनी, पुढच्या आठवड्यात तपासणीची गाडी येतेय, हिला घेऊन या. मी हाक मारते तर ही बघतच नाही.’ ही गाडी म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक. हा कार्यक्रम 2013 च्या फेब्रुवारीत आपल्या महाराष्ट्रातच, पालघरला सुरू झाला. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांमधले जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातला विलंब शोधायचा, आणि सापडला तर पुढचे उपचार मोफत मिळवून द्यायचे, असं त्याचं काम. पथकात डॉक्टर असतात, नर्स असते, औषधनिर्माता असतो. ते अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात.

यात एक फट आहे, ती लक्षात ठेवा. अंगणवाडीत रोज बसतात ती तीन ते सहा वर्षांची मुलं. त्याहून लहानांची आहाराची पाकिटं आई किंवा आजी घरी घेऊन जाते. त्यामुळे पथक येतं त्या दिवशी नेमकी ही लहान मुलं तिथे नसतात, आणि बोलण्याच्या दृष्टीने मोलाची वर्षं तर तीच. ताईंचा नंबर जवळ ठेवा, पथकाची तारीख विचारा आणि बाळ काखेत मारून जा. घरी आशाताई येते तिलाही नुसतं वजन करून जाऊ देऊ नका. बाळ तीन, सहा, नऊ, बारा आणि पंधरा महिन्यांचं असताना तिने घरी यायचं असतं आणि वाढीबरोबर विकासही बघायचा असतो. लसीच्या नोंदींचं जे माता-बाल संरक्षण कार्ड असतं, त्यात कोणत्या महिन्यात मुलाने काय करावं याची चित्रं आहेत. आम्ही ते कार्ड फक्त लसीच्या दिवशी उघडायचो. ती चित्रं आजीला दाखवा, त्यांना वाचता येत नसलं तरी कळतात.

पथकाने चिठ्ठी देऊन आम्हाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवलं. डीईआयसी म्हटलं की सिव्हिल हॉस्पिटलमध्ये लगेच कळतं. तिथे दोन तपासण्या महत्त्वाच्या. पहिली ओएई: कानात छोटं बोंडूक घालतात, काही मिनिटांत होते. पण पेटीत राहिलेल्या किंवा कावीळ झालेल्या बाळाला तेवढ्यावर सोडू नका, कारण कान ठीक असून पुढची नस काम करत नसेल तर ओएईत ते सुटतं. त्यासाठी दुसरी, बेरा. कपाळाला आणि कानामागे तारा चिकटवतात, कानात आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत काय पोचतं ते यंत्रावर बघतात. दुखत नाही, पण मूल गाढ झोपलेलं लागतं. आदल्या रात्री उशिरापर्यंत जागं ठेवा, पहाटे उठवा, वाटेत गाडीत झोपू देऊ नका. आमची पहिली बेरा याचमुळे फुकट गेली आणि पुढची तारीख बागेच्या ऐन काढणीत आली. माल उतरायचा असतानाही माझे मिस्टर म्हणाले, व्यापारी थांबेल. तो थांबला नसता तरी आम्ही गेलो असतो.

निदान झालं त्या दिवशी घरात सुतक असल्यासारखी शांतता होती. आत्या स्वतःला दोष देत होत्या, मी त्यांना समजावत होते. पण खरं काम त्यानंतर सुरू होतं, आणि तिथेच बरीच कुटुंबं गळतात. कानाचं मशीन लावलं की मूल बोलायला लागेल, असं सगळ्यांना वाटतं. मशीन फक्त आवाज पोचवतं. त्या आवाजाचा अर्थ लावायला मुलाला पहिल्यापासून शिकावं लागतं, आणि ते शिकवायचं असतं घरातच. सुरुवातीला ती मशीन उपटून फेकायची. थेरपीच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे आम्ही आधी जेवताना, मग खेळताना आणि हळूहळू उठल्यापासून झोपेपर्यंत ते कानात ठेवलं. मूल वाढतं तसा कानाचा साचा सैल होतो आणि मशीन शिट्टी मारायला लागतं. दर काही महिन्यांनी नवा साचा करून घ्यावा लागतो. पावसाळ्यात मशीन रात्री ओल शोषणाऱ्या पुड्यांच्या डबीत ठेवायचं. आणि बटणासारखा सेल मुलाच्या हाताला लागू देऊ नका. गिळला तर घरगुती उपाय करत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

मुंबईला वांद्रे रेक्लमेशनला ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, 1983 पासूनची. पंचवटी एक्सप्रेसने दादर, तिथून लोकल. पालकांना शिकवतात कसं, हे मला तिथे पाहायला मिळालं. मुलाच्या समोर नव्हे, कानाजवळ बसून बोलायचं. टीव्ही, मिक्सर बंद. एकच गोष्ट दिवसभरात वेगवेगळ्या वाक्यांत आणायची: पाणी दे, पाणी गार आहे, पाणी सांडलं. आम्हाला काही जण म्हणाले, तिच्याशी इंग्रजीत बोला, शाळेला सोपं जाईल. ऐकू नका. घरात आजी-आजोबा ज्या भाषेत भांडतात, लाड करतात, ती भाषा मुलाला दिवसभर मिळते, आणि भरपूर मिळण्यातच सगळं आहे. ‘स’, ‘श’ यांसारखे बारीक आवाज माझ्या मुलीच्या कानातून अजूनही निसटतात. ‘आलास’ म्हणताना शेवटचा ‘स’ खातेच. आता ती दुसरीत आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत, आणि भरपूर बोलते.

ज्या मुलांना मशीननेही फायदा होत नाही, त्यांच्यासाठी कॉक्लिअर इम्प्लांट आहे. केंद्राच्या एडिप योजनेतून ते मिळू शकतं, पण जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी त्यात पाच वर्षांपर्यंतच वयाची अट आहे. म्हणजे तीन वर्षं वाट बघण्यात गेली तर हातात फार काही उरत नाही. आणि काही घरं खुणांची भाषा निवडतात. त्यांना कमी लेखू नका. मुलाला वेळेवर कोणती तरी एक पूर्ण भाषा मिळणं महत्त्वाचं. सगळ्यात वाईट म्हणजे ना शब्द ना खुणा, असं पाच वर्षांपर्यंत राहिलेलं मूल.

दिव्यांगत्वाच्या दाखल्याचंही सांगते. सासरे म्हणाले, मुलीची जात आहे, शिक्का कशाला मारून घ्यायचा. 2016 च्या कायद्याप्रमाणे दोन्ही कानांचा दोष 60 ते 70 डेसिबल असेल तर ‘ऐकण्यास कमी’ आणि 70 पासून पुढे ‘कर्णबधिर’ धरतात. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, असलं की योजनेतून मशीन मिळायला, शाळेत सवलती मिळायला, प्रवासाला, पुढे शिक्षणाला वाट मोकळी होते. लग्नाच्या काळजीपोटी सात वर्षांच्या मुलीचे हक्क कपाटात ठेवायचे, हे मला पटलं नाही. सासऱ्यांनाही हळूहळू पटलं. कार्ड आणायला तेच गेले.

आणि कान पूर्ण ठीक निघाले तर? आनंद माना, पण शोध थांबवू नका. दीड वर्षाचं मूल बोट दाखवून वस्तू मागतं का, नजर देतं का, आपण दाखवलेल्या वस्तूकडे बघतं का? दोन वर्षांचं मूल ‘बाबा ये’ असे दोन शब्द जोडतं का? आलेले शब्द पुन्हा जात असतील तर एक दिवसही दवडू नका, मग वय काहीही असो. त्याच शीघ्र हस्तक्षेप केंद्रात बालरोगतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट हेही असतात. तेच मूल, तीच फाईल, फक्त दार वेगळं.

माझ्या जावेला गेल्या वर्षी मुलगा झाला. घराण्यात एकाला श्रवणदोष असला की पुढच्या प्रत्येक बाळाची तपासणी करायची असते, म्हणून बारशाच्या आधी त्याची बेरा झाली. रिपोर्ट चांगला आला. तरीही डॉक्टरांनी सांगितलंय की काही मुलांचं ऐकणं जन्मानंतर कमी होत जातं, तेव्हा वर्षभराने पुन्हा आणा. ती तारीख आत्यांनी स्वतः भिंतीवरच्या कालनिर्णयवर गोल करून ठेवली आहे.