पर्जन्यनोंदीची वही
पावसाविषयी आपण पुष्कळ बोलतो. लिहून मात्र क्वचितच ठेवतो. इतिहासाचे अभ्यासक म्हणून आम्हांस ही उणीव सलते. इंग्लंडमध्ये जॉर्ज सायमन्स यांनी १८६० साली हौशी निरीक्षकांच्या १६८ ठिकाणच्या नोंदी एकत्र केल्या. त्यांच्या नावाचे पर्जन्यमापक भारतातही रूढ झाले. पद्धत सोपी आहे. मापक उघड्या जागी ठेवावे, रोज सकाळी साडेआठला पाणी मोजावे. पाऊस नसल्यास शून्य लिहावे. एक मिलिमीटर म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस झाल्यास अतिवृष्टी धरतात. परंतु एका शिवारातला पाऊस शेजारच्या शिवारात पडतोच असे नाही. परभणी जिल्ह्यातील आमच्या माजी विद्यार्थ्यांनी गावोगावी अशा वह्या ठेवून नोंदी परस्परांस कळवल्या, तर ही तफावत निदान तारीखवार दाखवता येईल.