परराज्यातील गाडी महाराष्ट्रात किती काळ चालते?

प्रश्न : नोकरीसाठी बेंगळुरूहून पुण्यात आलो. ‘केए’ क्रमांकाची कार इथे किती दिवस वापरता येईल?

उत्तर : मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ४७नुसार परराज्यातील गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवल्यास इथला क्रमांक घ्यावा लागतो. आधी मूळ आरटीओकडून ना-हरकत प्रमाणपत्र घ्या. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचे संमतिपत्रही लागते. मग पुणे आरटीओत अर्ज करून इथला कर भरा. कर्नाटकात भरलेल्या आजीवन कराच्या उरलेल्या मुदतीच्या परताव्यासाठी तिथेच वेगळा अर्ज करा. वाहनचालक परवाना देशभर चालतो, तो बदलण्याची गरज नाही. गाडी राज्यात आल्याची तारीख दाखवणारी टोलची नोंद मात्र जपून ठेवा.